‘गुप्तविवाह’ की ‘गांधर्वविवाह’? व्हिक्टोरियन सनसनाटी कादंबऱ्यांतील एका शब्दाविषयी

प्रश्न

१८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गाजलेल्या सनसनाटी कादंबऱ्यांवर मी मराठीत लेख लिहीत आहे. विल्की कॉलिन्स आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांच्या कथानकांत श्रीमंत किंवा घरंदाज माणसाने आपल्या तोलामोलाच्या नसलेल्या व्यक्तीशी कोणालाही न कळवता केलेले लग्न वारंवार येते. त्यासाठी ‘गांधर्वविवाह’ हा शब्द कानाला गोड लागतो आणि वाचकाच्या ओळखीचाही आहे. तो चालेल का, की ‘गुप्तविवाह’ किंवा ‘चोरून केलेले लग्न’ म्हणावे? शिवाय स्तरभेद दाखवताना ‘प्रतिलोम’ (खालच्या वर्णाचा पुरुष आणि वरच्या वर्णाची स्त्री यांचा विवाह) हा शब्द वापरता येईल का?

पहिला प्रतिसाद

इंग्लंडमध्ये घडणाऱ्या कथानकासाठी ‘गांधर्वविवाह’ कृपया वापरू नये. गांधर्वविवाहाला वधूवरांची संमती पुरते. विधी, साक्षीदार किंवा नोंद यांवाचून तो पुरा होतो. इंग्लंडमध्ये नेमकी हीच वाट १७५३च्या विवाह कायद्याने बंद केली होती. तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा किंवा तिच्याऐवजी परवाना, चर्चमधील विधी, साक्षीदार आणि नोंदवहीतील सह्या हे सारे त्या कायद्याने आवश्यक ठरवले. पुढे १८३६च्या कायद्याने निबंधकासमोर लग्न करण्याची सोय झाली, तरी नोंद कायम राहिली. म्हणजे या कादंबऱ्यांतील लग्न विधीच्या दृष्टीने उघड आणि पूर्ण कायदेशीर असते; लपवलेली असते ती त्याची वाच्यता. कागद कुठल्या तरी चर्चमध्ये पडून असतो आणि तो कधीतरी कोणाच्या तरी हाती लागणार, हीच कथेतील भीती असते. ‘गांधर्व’ म्हटले की तो कागदच नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर कथानकाचा आधारही जातो.

कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८६०) पाहावी. सर पर्सिव्हल ग्लाइड याच्या आईवडिलांचे लग्न झालेलेच नसते. किताब आणि जमीनजुमला हाती यावा म्हणून तो चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या लग्नाची खोटी नोंद करतो. ती नोंद पानाच्या तळाशी, उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने बसवलेली असते. शोध घेणारा वॉल्टर हार्टराइट त्या वहीची दुसऱ्या गावी जपून ठेवलेली नक्कल उघडतो, तेव्हा त्याच जागी पान कोरे दिसते. त्या कोऱ्या जागेवर एका सरदाराची सारी प्रतिष्ठा उभी असते. नोंदवहीत ठरावीक अंतरावर रेघा आखाव्यात, असे १७५३च्या कायद्यानेच सांगितले होते आणि खोट्या नोंदीला फाशीची शिक्षा ठेवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ती दाटीवाटी वाचकाला एवढी का खुपते, ते कळते.

म्हणून माझे मत ‘गुप्तविवाह’ या शब्दाकडे झुकते. ‘चोरून केलेले लग्न’ संवादात शोभेल, विवेचनात मात्र त्याला अवैधतेचा वास येतो. ‘पळून जाऊन केलेले लग्न’ तर निराळेच, कारण पळून जाण्याने गवगवा होतो आणि येथे सारे गुपचूप उरकलेले असते.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र स्कॉटलंडचा अपवाद नोंदवायला हवा. तेथे विधी किंवा नोंद नसली, तरी दोघांनी परस्परांना पतिपत्नी म्हणून स्वीकारले की लग्न ग्राह्य धरले जाई. कॉलिन्सची ‘मॅन अँड वाइफ’ (१८७०) याच पेचावर उभी आहे. तिच्या आधीचा येल्व्हर्टन खटला तर प्रत्यक्ष घडलेला होता. टेरेसा लाँगवर्थ ही मँचेस्टरच्या रेशीम कारखानदाराची मुलगी, आणि मेजर येल्व्हर्टन हा आयर्लंडमधील उमराव घराण्यातला. १८५७मध्ये एडिनबरो येथे दोघांनी प्रार्थनापुस्तकातील विवाहविधी मिळून वाचला, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूकडूनही विधी झाला. पुढच्याच वर्षी त्याने दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले. १८६१मध्ये डब्लिनच्या ज्यूरीने टेरेसाच्या बाजूने कौल दिला, पण १८६४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, निकाल तिच्याविरुद्ध दिला. एडिनबरोतील त्या प्रसंगाला ‘गांधर्वविवाह’ म्हणण्यास माझी हरकत नाही.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे पुढील निवेदन

हा अपवाद मान्य आहे. आता ‘प्रतिलोम’विषयी. हा शब्द वर्णव्यवस्थेतला आहे आणि त्यात शास्त्राचा निषेध गृहीत असतो. ब्रॅडनच्या ‘ऑरोरा फ्लॉइड’मध्ये (१८६३) सधन बँकरची मुलगी वडिलांच्या मोतद्दाराशी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराशी, लग्न करते, त्या लग्नाला कायद्याची किंवा धर्माची बंदी नव्हती. ते तोंडावर आणता येत नव्हते, एवढेच. नवरा मेला असे समजून ती दुसरे लग्न करते आणि तो जिवंत निघतो, तेव्हा ‘द्विविवाह’ हा शब्द लागू होतो. ‘द्विभार्या’ तेथे अर्थातच चालणार नाही. स्तरभेदासाठी ‘विजोड’ किंवा ‘बरोबरीचे नसलेले’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

कुळाचा अभिमान काय करू शकतो, हे कॉलिन्सच्या ‘बॅसिल’मध्ये (१८५२) फार जवळून दिसते. कापडाच्या दुकानदाराच्या मुलीशी मुलाने गुप्तविवाह केल्याचे कळताच बाप घराण्याच्या इतिहासाचे पुस्तक काढतो आणि मुलाविषयीचे पान फाडून टाकतो. चर्चच्या वहीत मुलाचे लग्न कायम राहते, मात्र घराण्याच्या वहीत मुलगाच उरत नाही. हा प्रसंग मला साऱ्या सनसनाटीपेक्षा अधिक क्रूर वाटतो.

एक सूचना ‘अनौरस’ या शब्दाविषयी. कॉलिन्सच्या ‘नो नेम’मध्ये (१८६२) आईवडील मुली मोठ्या झाल्यावर गुपचूप लग्न करतात. त्या लग्नाने बापाचे आधीचे मृत्युपत्र रद्द होते आणि नवे करण्यापूर्वी तो रेल्वे अपघातात मरतो. स्कॉटलंडमध्ये आईवडिलांच्या नंतरच्या लग्नाने अपत्य औरस ठरू शकत असे. इंग्लंडमध्ये ही सोय १९२६ साली झाली. तोवर इंग्रजी कायदा अशा अपत्याला ‘कोणाचेच नसलेले’ समजत असे. आपल्या लेखात ‘अनौरस’ बरोबर ठरेल, परंतु पहिल्या उल्लेखापाशी कायद्याचा हा अर्थ एका वाक्यात द्यावा, म्हणजे बाप कोण हे सर्वांना ठाऊक असूनही मुली निराधार कशा झाल्या, ते वाचकाला समजेल.