मदत हवी आहे : अनोळखी मृतदेहाची डीएनए जुळवणी कोणाकडे मागायची?

नमस्कार. माझे मामा दीड वर्षापूर्वी सकाळी दूध आणायला गेले ते परतलेच नाहीत. मिसिंग दुसऱ्याच दिवशी दाखल केली. आता कळतंय, त्याच आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यात रुळांलगत एक अनोळखी मृतदेह सापडला होता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पोलिसांनीच अंत्यविधी उरकला. फोटोत चेहरा ओळखू येत नाही, पण स्वेटरच्या कोपरावरचं ठिगळ मामीने झटकन ओळखलं. तिनेच लावलेलं, हिरव्या दोऱ्याने.

ठाण्यात सांगतात, सात वर्षं थांबा. सात वर्षं खबर नसलेला माणूस मृत धरायचं ते गृहीतक (जुन्या पुरावा कायद्याचं कलम 108, आता साक्ष अधिनियमाचं 111) ठाऊक आहे हो, पण ते ज्याचा काहीच ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी! बेपत्ता माणसं नि अनोळखी मृतदेहांच्या डीएनए नोंदी ठेवू पाहणारं डीएनए विधेयक तर सरकारने 2023 मध्ये मागेच घेतलं, म्हणजे त्याचाही आधार नाही.

शवविच्छेदनावेळी दात किंवा हाड राखून ठेवलं असेल, तर मामेभावाच्या रक्ताशी जुळवणीचा अर्ज तपासी अंमलदाराकडे करायचा, की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 चा (अकस्मात मृत्यूच्या पोलीस चौकशीचा) अहवाल जातो त्या प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे? कोणी हे स्वतः केलंय का? नमुना नष्ट व्हायच्या आत हालचाल करायची आहे.