मदत हवी आहे: कॅसेटमधलं गाणं संथ आणि उलटं ऐकू येतंय

निषाद_डोंबिवली: एका मेटल गिटारवादकावर माहितीपट करतोय. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा त्या काळातला माणूस. घरी रेकॉर्ड केलेली त्याची गाणी कधी बाहेर आलीच नाहीत, फक्त कॅसेटी उरल्यात. लावल्या की आवाज जाडा, रेंगाळलेला. बाजू पलटली की सगळं उलटं. डेकचा पट्टा बदलून झाला. पुढच्या आठवड्यात दाखवायचाय. लवकर सांगा.

टेपवाला: डेक कुठला? बाकीच्या कॅसेटी नीट वाजतात का?

सुमन_ताई: हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाबांच्या नाट्यसंगीताच्या सगळ्या कॅसेटी मी अशाच वाचवल्या.

निषाद_डोंबिवली: हेड पुसलंय ताई. विकतच्या कॅसेटी एकदम व्यवस्थित वाजतात. ह्याच्याच वाजत नाहीत.

रीळ_फिरते: शूटिंग कशावर केलंय? पैसे कमी असतील तर फोन वापरा, लाजू नका. गायक रॉड्रिगेझवरच्या 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटातले काही शॉट आयफोनवरचे आहेत आणि त्या फिल्मला ऑस्कर मिळालं.

अण्णा_परळ: त्या फिल्मचं उदाहरण नको. रॉड्रिगेझ अमेरिकेत विस्मरणात गेला हे खरं, पण १९७९ आणि १९८१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते. फिल्ममध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. माणूस जास्त हरवलेला दिसावा म्हणून त्याचं अर्धं आयुष्य कापायचं? शाहीर विलास घोगरेंसाठी आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाला चौदा वर्षं दिली, ते बघा.

रीळ_फिरते: अण्णा, चौदा वर्षं प्रत्येकाकडे नसतात. आणि ती फिल्म आली नसती तर आपल्यापैकी किती जणांनी रॉड्रिगेझ ऐकला असता?

टेपवाला: दोघांनी वेगळा धागा काढा. निषाद, त्यांनी रेकॉर्डिंग कशावर केलं होतं?

निषाद_डोंबिवली: चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ, म्हणजे घरी गाणी भरायचा कॅसेट रेकॉर्डर, असं म्हणाला होता. कधीच विकला. त्याने काय फरक पडतो?

टेपवाला: सगळा फरक त्यानेच पडतो! साध्या कॅसेटमध्ये दोन ट्रॅक एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. पोर्टास्टुडिओ चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतो, म्हणून पलटल्यावर तिसरा-चौथा उलटे वाजतात. शिवाय त्यातली बरीच मशीन दुप्पट वेगाने चालतात, सेकंदाला ४.७६ ऐवजी ९.५ सेंटिमीटर. तुमच्या कॅसेटी बिघडलेल्या नाहीत.
दोन्ही बाजू ९६ किलोहर्ट्झला कॉम्प्युटरवर घ्या. वेग दुप्पट करा, दुसरी बाजू उलटवा, मग चारही ट्रॅक एकाखाली एक लावा. डेकचा वेग दोन्ही वेळी तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे गाणं पुढे गेलं की ट्रॅक सरकतील. थोड्या थोड्या अंतरावर हाताने जुळवावे लागतील.
आणि विचारून घ्या, डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणारी यंत्रणा) चालू होतं का? असेल तर नुसता वेग वाढवून भागणार नाही. खरखर राहील आणि आवाज वरखाली होईल.

सुमन_ताई: खरखर एआयने पाच मिनिटांत जाते.

अण्णा_परळ: ताई, खरखर काढायचीच कशाला? अमेरिकन गायक डॅनियल जॉन्स्टनवरची २००५ ची फिल्म त्याने स्वतः भरलेल्या कॅसेटींवर उभी आहे. स्वस्त रेकॉर्डरचा तो आवाज पुसला तर त्यातला डॅनियलच पुसला जाईल.

सुमन_ताई: शब्दच कळले नाहीत तर ऐकणाऱ्याला काय मिळणार? माझ्या आईला कमी ऐकू येतं, म्हणून सांगते.

कायद्याचं_बोला: बँडमधल्या बाकीच्यांची संमती लेखी घेतली का? वाजवणाऱ्यांचेही हक्क असतात. दाखवायच्या आधी घ्या, नंतर लोक सापडत नाहीत.

निषाद_डोंबिवली: त्याने एकट्यानेच वाजवलंय सगळं, त्याची सही आहे. टेपवाला, एक गाणं जुळलं!! उलट ऐकू येत होतं तो त्याचा गाण्याचा आवाज होता, तिसऱ्या ट्रॅकवर. फोनवर ऐकवलं तर म्हणाला, मधली ओळ चुकली होती, तेव्हाच पुसायची होती. मी ती ठेवणार आहे. डीबीएक्स मात्र चालू होतं, आवाज तुम्ही म्हणालात तसाच वरखाली होतोय. ठाणे-मुंबईत कोणाकडे चालू पोर्टास्टुडिओ आहे का? मशीन नेणार नाही, तुमच्या घरी येऊन करतो.

टेपवाला: माझ्याकडे आहे, मुलुंडला. रविवारी सकाळी या. कॅसेटी उन्हात आणू नका. पत्ता खाजगी निरोपात कळवतो.