बी विंगच्या मागे सशाची पिल्लं सापडलीत, कृपया पूर्ण वाचा

सेक्रेटरी (ए-२०४): नमस्कार मंडळी. बी विंगच्या मागे टेकडीकडच्या पट्ट्यात गवत काढताना माळीदादांना सशाची दोन पिल्लं दिसली. मशीन लगेच बंद करायला लावलंय. एक पिल्लू तिथेच आहे, दुसरं सोसायटीतल्या मुलांनी नेलं असं वॉचमन सांगतोय. कोणाच्या घरी असेल तर कळवा.

सी-१०२: आमच्याकडे आहे दादा. मुलं घेऊन आली. मुठीत मावेल एवढंसं आहे हो. आई कुठेच नव्हती, बिचारं एकटंच बसलेलं. कोमट दूध पाजून बघतेय, पण तोंडच उघडत नाही. कोणाकडे ड्रॉपर आहे का?

बी-३०१: बाळाच्या औषधाचा आहे. पाठवते लगेच.

बी-६०३: काकू, दूध देऊ नका, प्लीज. ड्रॉपरही नको. पिल्लू खोक्यात ठेवा, वरून सुती ओढणी टाका आणि आतल्या खोलीत दार लावून ठेवा. मुलांना सांगा, अजिबात हात लावायचा नाही. एकच सांगा: कुठे रक्त आहे का, पाय लुळा पडलाय का, माश्या घोंघावतायत का?

सी-१०२: काहीच नाही. डोळे उघडे आहेत, टकामका बघतंय. अंगावर छान केस आहेत. फक्त हलत नाही. घाबरलंय का आजारी आहे?

बी-६०३: ठणठणीत आहे काकू. न हलणं हाच त्याचा बचाव आहे. आणि ते अनाथ नाही. त्याची आई टेकडीवरच आहे, अंधार पडायची वाट बघत असेल.

मी सुट्टीच्या दिवशी वन्यप्राणी बचावाच्या कामाला जाते. पावसाळ्यात टेकडीलगतच्या सोसायट्यांमधून असे फोन येतच असतात, आणि बहुतेक वेळा पिल्लू धडधाकट असतं, ते उचलून आणल्यामुळे पंचाईत झालेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे घरात पाळतात ते पांढरे ससे आणि टेकडीवरचा हा रानससा, दोन्ही वेगळे. पाळीव सशाचं मूळ युरोपात. तो बीळ करतो, त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. आपला रानससा बीळ करतच नाही. गवत दाबून अंगापुरती जागा करतो आणि तिथेच बसतो. पिल्लं जन्मतः केसाळ, डोळे उघडे. त्यामुळे उघड्यावर, बिनबिळाचं, एकटं बसलेलं पिल्लू बघून आपल्याला वाटतं की याचं घर मोडलं, आई गेली. त्याचं घर तेच असतं.

आई दिवसभर मुद्दाम लांब राहते. ती जवळ बसली तर तिच्या वासावर कुत्री, मुंगूस, कोल्हे थेट पिल्लांपर्यंत येतील. म्हणून ती दिवसातून एखाद-दोनदाच येते, बहुतेक दिवस मावळल्यावर, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दूध दाट, स्निग्ध असतं, तेवढं पिल्लाला पुरतं. दिवसा आई दिसली नाही म्हणजे सगळं जसं असायला हवं तसंच चाललंय.

ए-५०१: पण आता माणसाचा हात लागलाय ना? आई जवळ घेणार नाही असं म्हणतात.

बी-६०३: तसं होत नाही काका. हात लागला म्हणून सशाची आई पिल्लू टाकत नाही. पण तिथे माणसांची ये-जा चालू राहिली तर ती जवळच येणार नाही. म्हणून पिल्लू आजच, अंधार पडायच्या आत, जिथून उचललं तिथेच ठेवायचं आणि सगळ्यांनी लांब व्हायचं. काकू, मुलांना बरोबर घेऊन जा, नेमकी जागा त्यांनाच माहीत असणार. चार पावलं इकडेतिकडे झालं तर चालेल, पण मुद्दाम कुंपणाजवळ किंवा सावलीत ‘चांगल्या जागी’ ठेवू नका.

सी-१०२: दोन थेंब दूध गेलंय पोटात. काही होणार नाही ना?

बी-६०३: दोन थेंबांनी काही होत नाही, काळजी करू नका. पोटभर पाजलं की त्रास होतो. गाईम्हशीचं दूध त्यांना पचत नाही, पोट फुगतं, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एका रात्रीचे जुलाबही झेपत नाहीत. त्यात आपण पिल्लाला बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने पाजतो. ते दूध फुप्फुसात जातं. पहिल्या दिवशी पिल्लू ‘छान प्यायलं’ असं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी दगावतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

डी-४०३: आमच्या घरी पाळीव सशिणीला आठवड्यापूर्वी पिल्लं झालीत. तिच्याजवळ ठेवलं तर पाजेल का?

बी-६०३: तुमची भावना कळतेय दादा, पण नको. जातच वेगळी आहे, ती मारूही शकते. आणि रोगाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

बी-१०१ (आजोबा): मी पुरंदरचा. आमच्याकडे बाजरीच्या काढणीला अशी पिल्लं हटकून सापडायची. वडील तेवढा तुकडा उभा सोडायचे. बाकीचं शेत काढून व्हायचं, तो चार हाताचा चौकोन तसाच. दोनचार दिवसांनी बघितलं की पिल्लं तिथून हललेली असायची. कुणी घरी आणत नसे. ताई बरोबर सांगतेय.

बी-३०१: आजोबा, किती छान. मग आपणही तो भाग तसाच ठेवू या ना?

सेक्रेटरी (ए-२०४): ठेवू. मशीनवाल्याला परत पाठवतो.

बी-६०३: दादा, गवत काढायचंच असेल तेव्हाही एक सांगून ठेवा. मशीनच्या आवाजाने मोठा ससा पळतो, पण पिल्लू जागच्या जागी चिकटून बसतं आणि पात्यात सापडतं. आधी एकाने काठीने गवत बाजूला करत चालायचं. मशीन इमारतीकडून टेकडीच्या दिशेने न्यायचं, म्हणजे आतल्या प्राण्यांना बाहेर पडायला वाट राहते. कुंपणाकडून सुरुवात केली तर ते आपल्या पार्किंगकडे ढकलले जातात.

आणि मागचा मोठा फ्लडलाइट आज रात्री बंद ठेवता येईल का?

सेक्रेटरी (ए-२०४): येईल. वॉचमनला टॉर्च देतो, पण तिकडे फिरकू नकोस असं बजावतो.

सी-१०२: ठेवून आलो. धाकटा रडतोय, पण समजावलं. ठेवल्याबरोबर गवतात असं दबलं की मलाही परत दिसेना. पण ताई, तिथे दुसरं पिल्लू नव्हतं.

बी-१०४: अहो, आत्ता आमच्या गॅलरीखाली मांजराच्या तोंडात काहीतरी होतं! हाकललं तर टाकून पळालं. सशाचंच पिल्लू आहे. जिवंत आहे. रक्त फारसं नाही, मानेजवळ दोन बारीक टोचे दिसतायत. यालाही परत गवतात ठेवू का?

बी-६०३: नाही नाही, याला नको. मांजराने धरलेलं पिल्लू म्हणजे जखमीच समजायचं, मग रक्त दिसो न दिसो. मांजराच्या दातांतले जंतू त्या बारीक टोच्यांतून आत खोल जातात आणि एक-दोन दिवसांत सगळं अंग विषारतं. डॉक्टरी इलाज लागणारच. मी खाली येतेय, तोवर एवढं करा:

हाताला कापड गुंडाळून उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुनी सुती साडी घाला. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. झाकण लावा. पाणी, गाजर, दूध काहीही नको. जखमेवर हळद नको. घरातलं अँटिबायोटिक तर चुकूनही नको. अमॉक्सिसिलिनसारखी गोळी आपल्याला साधी वाटते, पण सशाच्या पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि ससाच दगावतो.

फोटो काढायला झाकण उघडू नका. सशाचा जीव धसक्यानेही जातो, हे अगदी खरं आहे.

बी-१०४: ठेवलं. आता फोन कुणाला करायचा? जवळच्या पेट क्लिनिकमध्ये नेऊ?

बी-६०३: मी १९२६ वर फोन लावलाय. वन विभागाची हेल्पलाइन आहे, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा. पुण्यात बावधनला वन विभागाच्या केंद्रात रेस्क्यू ट्रस्टची टीम वन्यप्राण्यांवर उपचार करते. त्यांच्याकडे पोहोचवायचं की ते न्यायला येतील, हे आत्ता कळेल.

ए-५०१: एवढं सगळं करण्यापेक्षा बरं होईपर्यंत घरीच ठेवलं तर? मुलांनाही लळा लागेल.

बी-६०३: काका, लळा लागतो हीच तर अडचण आहे. माणसाला, कुत्र्याला न घाबरणारा ससा टेकडीवर सोडला तर पहिल्याच आठवड्यात मारला जातो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा घरात ठेवता येत नाही. जखमी प्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांत वन अधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्यात कळवायचं असतं. जीव वाचवायला उचलला म्हणून कुणी त्रास देत नाही, फक्त लगेच कळवायचं आणि सुपूर्द करायचं.

बी-१०४: तुम्ही आलात ते बरं झालं. मला एक नखाचा ओरखडा गेलाय, हरकत नाही ना?

बी-६०३: साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन लागेल की नाही ते त्यांना ठरवू दे. अंगावर काढू नका.

बी-३०१: ताई, आमच्या बाल्कनीतून तो पट्टा दिसतो. रात्री लक्ष ठेवू का? आई आली तर कसं कळेल?

बी-६०३: दिवे मालवून, आतून बघायला काही हरकत नाही. पण ससा दिसला नाही म्हणून घाबरू नका, गवत गुडघाभर आहे. उद्या उजाडल्यावर मी एकटीच लांबून बघून येईन. पिल्लू नीट दबून बसलेलं असेल तर ते प्यायलंय असं धरून चालायचं. उघड्यावर भटकत असेल, अंग गार पडलं असेल किंवा माश्यांनी अंडी घातली असतील, तरच उचलायचं. या दिवसांत जखमेत अळ्या फार लवकर पडतात.

सेक्रेटरी (ए-२०४): अपडेट. बी-१०४ आणि बी-६०३ खोका घेऊन बावधनला निघाल्यात. माझी गाडी दिलीये.

बी-६०३: पोहोचलो. पिल्लू दाखल करून घेतलंय. जखम साफ करून औषध सुरू केलंय. वाचेल की नाही हे आत्ता कोणी सांगू शकत नाही. फॉर्मवर सापडलेली जागा नेमकी लिहून घेतली, कारण बरं झालं तर ते आपल्याच टेकडीवर सोडायचं असतं.

डी-२०२: मी त्या मांजरांना रोज संध्याकाळी बी विंगच्या मागेच खाऊ घालते. उद्यापासून डी विंगच्या जनरेटरपाशी घालीन, म्हणजे ती तिकडे येणार नाहीत. दोन मांजरींची नसबंदी राहिलीये, तीही या महिन्यात करून घेते. कोणी गाडीने सोडायला येईल का?

डी-४०३: मी येतो. शनिवारी सकाळी चालेल?

सेक्रेटरी (ए-२०४): नसबंदीचा खर्च सोसायटीच्या फंडातून देऊ. कुत्री फिरवणाऱ्यांनी मागच्या पट्ट्यात जायचं नाही आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडायचा नाही, नोटीस लिफ्टमध्ये लावतोय. मशीनवाल्याला दसऱ्यानंतरची तारीख दिलीये.