कॅमेरा हवाच, पण रस्ताही नीट करा
नाशिकमध्ये गाड्यांच्या वेगाला आळा घालायला "वेग टिपणारे कॅमेरे नकोत, गतिरोधक वाढवा" असं एकाने इथे म्हटलंय, त्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. गंगापूर रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, त्याचे पांढरे पट्टे कधीच पुसलेत. गेल्या पावसाळ्यात स्कूटरवर मागे एका अंगाने बसलेल्या एक मावशी माझ्या डोळ्यांदेखत तिथे पडल्या. पिशवीतली मेथी रस्ताभर. आणि स्कूटर हळूच चालली होती हो! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गतिरोधकाचा उंचवटा १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे चाक अलगद चढतं-उतरतं. आपल्याकडे डांबराचा ढीग ओततात.

मोठ्या रस्त्यांवर मात्र कॅमेरा हवाच. ४० चा वेग ६० झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये औरंगाबाद रोडवर बस-ट्रकची धडक होऊन बस पेटली, ती पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. पण एका खांबावरचा कॅमेरा लोकांना पाठ होतो: तिथे ब्रेक, पुढे परत सुसाट. त्यापेक्षा दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधला सरासरी वेग काढणारी यंत्रणा त्र्यंबक रोडला लावा. आणि शाळांपाशी ते पट्टे आधी रंगवा, याच आठवड्यात.