जखमी हरीण माझ्या हद्दीत आलं. शिकाऱ्याला आत सोडायचं का?

पोकोनोकर

पेनसिल्व्हेनियात पोकोनोच्या डोंगरात आमची चौदा एकर जागा आहे. पुढे घर, मागे थोडी भाजी, बाकी सगळं ओक-मेपलचं रान. खालच्या अंगाला ओढा, तीच हद्द.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी इथे हरणांचा रायफल हंगाम उघडतो. त्या दिवशी साडेचारच्या सुमारास दार वाजलं. अंगात भडक केशरी जाकीट, टोपी हातात, पन्नाशीचा माणूस. रायफल गाडीत ठेवून आला होता. ओढ्यापलीकडच्या जागेत त्याला परवानगी होती, तिथे त्याने नराला गोळी घातली आणि नर ओढा ओलांडून माझ्याकडे शिरला. "शोधू द्याल का?" मी नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही. "ओके सर" म्हणाला आणि गेला.

मंगळवारी कावळ्यांनी जागा दाखवली. ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, आडव्या पडलेल्या हेमलॉकच्या झाडाच्या आडोशाला नर पडला होता. गोळी पोटात लागलेली, मागचा भाग कायोटींनी (कोल्ह्यासारखं जनावर) खाल्लेला. नऊ वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. घरी येईपर्यंत ती बोलली नाही आणि रात्री जेवली नाही.

आता मी नाही का म्हटलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी न विचारता माझ्याच मेपलला शिडीची मचाण लावली होती. गोळीला वाट हवी म्हणून फांद्या छाटल्या होत्या, खाली मक्याचे दाणे ओतले होते (आमच्या भागात आमिष घालून शिकार हा गुन्हा आहे). मचाणीपासून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ऐंशी यार्डांवर. इथे राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही, धनुष्याला पन्नास यार्ड. शिडी बंदूकवाल्याची होती की धनुष्यवाल्याची, कोण जाणे. बायको त्या खिडकीशी उभी राहून भांडी घासते, एवढंच मला दिसत होतं.

तेव्हापासून हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे मारलेत. पेनसिल्व्हेनियात 2020 पासून या रंगाला 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकी किंमत आहे. पट्टा उभा, कमीत कमी आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, दोन पट्ट्यांत शंभर फुटांहून जास्त अंतर नको. पाट्या लोक उपटून नेतात, रंग उपटता येत नाही. दोन शनिवार आणि एक चांगली पँट त्यात गेली.

माझं मत असं. शिकारीला माझा विरोध नाही, पण हद्द ती हद्द. जखमी जनावर शोधायलाही मालकाची परवानगी लागते, असंच इथला कायदा सांगतो. नेम चुकला त्याचं ओझं माझ्यावर का? तुम्ही काय केलं असतंत?

काजूगर

कायद्याने तुम्ही बरोबर. बाकी काही जमलं नाही तुम्हाला.

मी सावंतवाडीकडचा. आजोबा पारधीला जायचे, 1972च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची गोष्ट. रानात हाका घालून डुक्कर उठवायचे. मटणाचे वाटे पडत, गोळी घालणाऱ्याचा वेगळा, हाकाऱ्यांचे वेगळे, कुत्र्यांचासुद्धा. त्यांचा एकच नियम मला आठवतो: जखमी सावज रानात टाकून कुणी घरी जेवायला बसायचं नाही. एकदा डुक्कर भावकीतल्या एकाच्या बागेत शिरलं. त्या घराशी आमचं कोर्टात चालू होतं, येणंजाणं बंद. आजोबा कुंपणाबाहेर उभे राहून हाक मारत राहिले. त्या माणसाने कंदील आणला, शिव्या दिल्या आणि बेडं काढून आत घेतलं. वाटा त्याच्याही घरी गेला. दावा पुढे नऊ वर्षं चालला तो चाललाच.

तुमच्याकडे आलेल्या माणसाने रायफल गाडीत ठेवली, टोपी काढली, दार वाजवलं. मचाणवाल्याचा राग तुम्ही त्याच्यावर काढलात.

निर्गुणी

आत सोडायला हवं होतं की नव्हतं, यावरच सगळी चर्चा. पोटात गोळी घेऊन ते जनावर धावलं, त्याबद्दल कुणी काही बोलेल का?

मी न्यू जर्सीत राहते. इथे दर हिवाळ्यात तेच ऐकते: हरणं फार झालीत, गाड्यांना धडकतात, लाइम रोग पसरवतात, म्हणून शिकार हवीच. मुळात लांडगे आणि प्यूमा या भागातून माणसानेच संपवले. आता त्यांचं काम आम्ही करतो म्हणून रायफली घासायच्या. आणि गोचिडीला लाइमचा जंतू मुख्यतः उंदरांकडून मिळतो, हरणाकडून नाही. हरीण मोठ्या गोचिडीला पोसतं, इकडून तिकडे नेतं, एवढं खरं.

आजोबांची गोष्ट छान आहे. डुकराला कुणी विचारलं नव्हतं.

बारा_बोअर

मी मिनेसोटात सोळा वर्षं शिकार करतो. घरात आई सोडून सगळे खातात, तिची भांडी वेगळी.

पोकोनोकर, तुम्ही त्याला साडेचारला आत सोडलं असतंत तर बहुतेक तुमच्या पदरात तेच पडलं असतं, किंवा त्याहून वाईट. गोळी लागली त्या जागी रक्त बघायचं असतं. फुप्फुसात लागली तर रक्त लाल आणि फेसाळ, हरीण शंभर-दीडशे यार्डांत पडतं. पोटात लागली तर रक्त गडद, थोडंच, त्यात हिरवट चोथा आणि वास. अशा हरणामागे लगेच धावायचं नसतं. जखमी हरीण जवळच्या आडोशाला बसतं, तुमच्या हेमलॉकसारख्या. सहा-आठ तास शांत सोडलं तर तिथेच मरतं. कुणी मागे आलं की उठतं आणि मैलभर जातं, मग कायमचं हरवतं.

त्याला सांगायला हवं होतं: आत्ता नको, रात्री अकराला या, बंदूक आणायची नाही, मी टॉर्च घेऊन बरोबर येतो. रक्तावरून माग काढणारी पट्ट्याने बांधलेली कुत्री असतात, तुमच्या राज्यात 2018 पासून कायदेशीर आहेत. ती घेऊन येणारी माणसं बहुतेक ठिकाणी सापडतात. आमच्याकडे नियम थोडा सैल आहे. पाटी नसलेल्या जागेत जखमी जनावर आणायला पायी, न विचारता जाता येतं, मात्र मालकाने निघ म्हटलं की त्याच पावली निघायचं. मला हा नियम आवडतो. कुंपण कुठे आहे ते जनावराला ठाऊक नसतं.

निर्गुणी, नरड्याशी आलेला एक मुद्दा. 1900च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ संपलं होतं. बाजारात विकायला बेसुमार मारत होते. मग विक्री बंद केली, हंगाम ठरवले, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली. 1937 पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्राचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. लांब बंदुकीवर अकरा टक्के. मी दरवर्षी भरतो. तुम्ही बागेतल्या हरणाचा फोटो काढता तेव्हा काय भरता?

निर्गुणी

फोटो काढताना मी कुणाचं पोट फाडत नाही. आणि कर भरला की मारायचा हक्क मिळतो, हा हिशोब मला शाळेत शिकवला नव्हता.

बाकी रक्ताच्या रंगाचं तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत, त्यावरून अशा गोळ्या किती लागत असतील ते कळलं.

बारा_बोअर

माझ्या हातून सोळा वर्षांत एक. तिसऱ्या वर्षी, पळत्या मादीवर, उजेड जाता जाता. दोन दिवस शोधली, सापडली नाही. तेव्हापासून जनावर आडवं उभं असेल आणि खांद्यामागची जागा स्वच्छ दिसत असेल तरच बोट घोड्यावर जातं, नाहीतर टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी) कोरा घेऊन घरी. त्या माणसाचा दोष मी झाकत नाही. पोटातली गोळी बहुतेक वेळा घाईने लागते.

जागल्या

राजेहो, तुमच्या चौदा एकरात चार झाडं नि एक ओढा. माझ्या सहा एकरात सोयाबीन आणि तूर. कारंजा तालुका, जिल्हा वाशीम. काळविटांचं अभयारण्य जवळच आहे. त्याची हद्द कागदावर, काळवीट माझ्या शेतात.

आमचे नियम असे. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पीक खातं म्हणून त्याला मारायची परवानगी मागूच नका, मिळत नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली परवानगी निघू शकते. पण निघेपर्यंत तुरीच्या काड्या उरतात. मेलेलं जनावर सरकारचं. मटणाचा वाटा वगैरे आजोबांच्या काळात ठीक होतं, आता दात लावला की जेल. पीक राखायला ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांची ती निवडणूक लागली की ठाण्यात जमा. आणि आमच्याकडे निवडणूक कधी नसते?

मग आम्ही काय करतो? रातची जागल. मचाणीवर बसून डबा वाजवायचा. बांधावर जुन्या साड्या बांधल्यात. बायकोच्या, आईच्या, गेल्या साली मेलेल्या मावशीच्या. वाऱ्यावर फडफडल्या की रोही बिचकतो. आठ दिवस. नवव्या दिवशी मावशीची हिरवी साडी ओलांडून आत येतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मागच्या कार्तिकात रात्री दोनला बांधावर उजेड दिसला. मोटरसायकली दोन, हातात मोठा सर्चलाईट, बंदूक. काळविटं तुरीत बसलेली, उजेडात नुसते डोळे चमकत होते. लोक गावचे नव्हते. तुम्हीच सांगा, माझ्या पिकाचा शत्रू मारायला फुकट माणूस आला आणि मी मचाणीवर. गप्प बसलो असतो तर माझा फायदा. मी ओरडलो, डबा वाजवला. ते पळाले, जाताना ठिबकच्या नळ्या तुडवून गेले.

का ओरडलो, हे बायकोने विचारलं तेव्हा नीट सांगता आलं नाही. एक तर अंधारात गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही, मचाणीवर मीच होतो. दुसरं, माझ्या शेतात काय मरावं ते माझ्या परवानगीशिवाय कुणी का ठरवावं? तिथे पोकोनोकरभाऊंशी माझं जमतं.

काजूगर

जागल्या, जोधपूरजवळ कांकाणीचे बिष्णोई 1998 मध्ये असेच गोळीचा आवाज ऐकून जिप्सीमागे धावले होते. त्यावरून सलमान खानवर खटला झाला आणि 2018 मध्ये पाच वर्षांची शिक्षा लागली, पुढे अपील. त्या लोकांची शेतं काळवीट खातातच.

निर्गुणी

म्हणजे जागल्या, तुम्हाला रोही मारायची मोकळीक हवी आहे, बरोबर? बिहारमध्ये 2016 मध्ये केंद्राच्या परवानगीने मोकामाच्या टाल भागात बाहेरचे नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातले दोन मंत्रीच एकमेकांशी भांडले. तेच वाशीमला हवंय?

जागल्या

नको ताई. मला रात्री झोप हवी आहे. वनखात्याने सौर कुंपण लावून द्यावं, नुकसानभरपाईचा पंचनामा पीक उभं असताना व्हावा, जमीन नांगरल्यावर नको. एवढं झालं तर रोही माझा पाहुणा. नाही झालं तर काय करायचं, ते तुम्ही सांगा. आमच्या भागात काही लोक कुंपणात करंट सोडतात. त्यात रोही मरतो, वाघही मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. बारा_बोअर यांचे टॅग-हंगाम मला वाचायला बरे वाटले. निदान कुणीतरी मोजतं तरी.

पोकोनोकरभाऊ, रानडुकराला वाचता येईल असा रंग तिकडे निघाला की कळवा.

निर्गुणी

करंटबद्दल तुमच्याशी वाद नाही. भरपाईबद्दलही नाही. शिकारीबद्दल माझं मत होतं तेच आहे.

पोकोनोकर

सगळं दोनदा वाचलं. काजूगर, मचाणवाल्याचा राग त्या माणसावर काढला हे खरं आहे. तो दारात उभा होता तेव्हा मला ती शिडीच दिसत होती. तरी एक सांगतो: तिन्हीसांजेला, घरात मुलगी असताना, अनोळखी माणूस रायफलच्या गोष्टी करत दारात आला की तुमचंही पहिलं उत्तर नाहीच असतं. तुमच्या आजोबांना बागेचा मालक निदान ओळखत तरी होता, दुष्मन म्हणून का होईना.

बारा_बोअर, सहा-आठ तासांचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित अकराला या म्हटलं असतं. कदाचित.

शिकारीला परवानगी या वर्षीही देणार नाही. पण ओढ्याकाठी, त्याच जांभळ्या पट्ट्यांच्या खाली, दोन पाट्या लावल्यात: "जखमी हरीण आत आलं तर आधी फोन करा. बंदूक आणू नका. मी बरोबर येईन." खाली नंबर. मुलीने अक्षरं काढली आणि न सांगता कोपऱ्यात हरीण काढलं, चारही पाय एकाच बाजूला.

पलीकडच्या मालकाला विचारून त्या माणसाचा नंबर मिळवला आणि नर कुठे सापडला ते सांगितलं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग विचारलं, "किती आत होता?" साठ-सत्तर यार्ड म्हटलं. "रविवारी सकाळी मी ओढ्याच्या माझ्या काठाने दोन तास फिरलो," म्हणाला, "तिथून तो हेमलॉक दिसतो."

बारा_बोअर

पाटीवर 'रात्रीही चालेल' हेही लिहा. नाहीतर लोक संकोचाने सकाळपर्यंत थांबतील, आणि तोवर कायोटी पोहोचतात.