अँटिबायोटिकसोबतच्या प्रोबायोटिक कुप्या: गरज की वाटीभर ताक पुरे?

ताकपिता
धाकट्याचा कान फुटला म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. सोबत रोज दोन प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या) कुप्या. इवलीशी प्लॅस्टिकची कुपी, मुंडी पिरगाळून उघडायची, आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. दहा कुप्यांचं बिल अँटिबायोटिकपेक्षा जास्त! आई म्हणाली, "त्यापेक्षा रोज ताक पाज." मला पटलं. घरच्या दह्यात जिवंत जिवाणूच असतात ना? मग हा भुर्दंड कशाला?

कोकमसार
असहमत. विरजणातले जिवाणू दूध आंबवण्यात पटाईत, पण जठरातल्या आम्लातून आतड्यापर्यंत पोचताना त्यातले बरेचसे गारद होतात. कुपीत बहुधा बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचातली त्याची झोपलेली रूपं) असतील. ते आम्लाला दाद देत नाहीत आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सनाही पुरून उरतात, म्हणून तर सोबत देतात. आणि तुमच्या विरजणात नक्की कोण नांदतंय, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

अँटिबायोटिक घेताना मुलांना जुलाब लागतात, त्यावरच्या ३३ चाचण्यांचा कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) २०१९ मध्ये आढावा घेतला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत जुलाबाचं प्रमाण साधारण ८ टक्के, न घेणाऱ्यांत १९. हा फरक किरकोळ नाही.

ताकपिता
आमच्या विरजणात कोण आहे ते माहीत नाही, पण आजीच्या काळापासून तेच चालू आहे. कुपीतल्यांशी ओळख कालची :)

बिनसाखरेचा
कोकमसार, आकडे बरोबर, पण ते कुणाचे? त्या आढाव्यात उजवे ठरले ते लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी. बुलार्डी तर जिवाणूच नव्हे, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक त्याचं काही वाकडं करत नाही. एकाचं प्रगतिपुस्तक दुसऱ्याच्या दप्तरात कसं घालता?

बरं, हाच जीजी अमेरिकेत साध्या गॅस्ट्रोच्या मुलांना दिला, तर काहीच फरक पडला नाही (२०१८). म्हणजे जिवाणू कोणता आणि दुखणं कोणतं, दोन्ही जुळायला हवं. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेत दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुणे ओसरीवरून हलेनात, घरचे बाहेर ताटकळत!

कोकमसार
त्या अभ्यासात माणसं होती २१. त्यावरून दुकान बंद करायचं?
उलट ओडिशाच्या खेड्यांतला प्रयोग बघा (२०१७). साडेचार हजारांवर नवजात बाळं, आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि सोबत त्याच्या खाद्याची साखर. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. हे ताकाने झालं असतं का?

शिळी_भाकरी
ओडिशाची बाळं धडधाकट होती, हे विसरू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) २०२३ मध्ये इशारा दिला होता, एक बाळ दगावल्यानंतर. त्यामुळे "जिवाणूच तर आहेत, अपाय काय होणार" असं कुणी म्हणू नये.

आणि दह्याला इतकं हिणवू नका हो. प्रोबायोटिकचे बहुतेक दावे फेटाळणाऱ्या युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेनेही एक मान्य केलाय: दह्यातले जिवंत जिवाणू त्यातली दुधाची साखर पचवायला मदत करतात. दूध बाधतं त्यांना दही चालतं, ते उगाच नाही. बाकी आतड्यातल्या मूळ रहिवाशांना खायला घाला: डाळी, भाज्या, ज्वारीची भाकरी. चोथ्यापासून ते ब्युटिरेट बनवतात, मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. (सदस्यनामावरून हसू नका.)

ताकपिता
शिळीताई, मुद्दा पटला. कुपीवरचं नाव आत्ता भिंगातून वाचलं. क्लॉसीच आहे, कोकमसार जिंकले. पण बिनसाखरेचा म्हणतात ते दोघे त्यात नाहीत, म्हणजे मीही हरलो नाही. उद्या डॉक्टरांना विचारतो, हाच का म्हणून. तोवर उरलेल्या चार देईन.

आईचा एक प्रश्न: कढी धरायची का यात?

शिळी_भाकरी
उकळली ना? मग आतले सगळे मेले. चवीसाठी खुशाल भुरका.