ब्रुसेलोसिसच्या माहितीपत्रकात 'स्ट्रेन'ला काय लिहावं?

सई_भा: ब्रुसेलोसिस या गुरांच्या रोगावर गोठेवाल्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय, एका वाक्यावर अडकलेय. गाभडलेल्या गाईच्या वारेत, म्हणजे गर्भाच्या वेष्टनात, ब्रुसेला या जंतूचा डीएनए आहे की नाही एवढं पीसीआर या तपासणीनं कळतं, पण तो जंतू शेजारच्या गोठ्यातून आला की बाजारातून आणलेल्या गाईबरोबर, हे शोधायला स्ट्रेन, म्हणजे त्या जंतूचा नेमका उपप्रकार, ओळखावा लागतो. मी "वाण" लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी खोडून "प्रभेद" केलं.

निळू: प्रभेद कोण बोलतं? वाणच ठेवा, ज्वारीचा वाण, कापसाचा वाण, शेतकऱ्याला लगेच कळतं.

मिरजकर: वाण म्हटलं की निवडून जोपासलेलं बियाणं डोळ्यासमोर येतं, रोगाच्या जंतूला नको. आणि ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तिथे तर वाण म्हणजे रंग. वर्णावरून आलाय तो शब्द.

निळू: म्हण गोठ्यातलीच आहे आणि लागण्याबद्दलच आहे की, मग अडचण काय?

डॉ_पशुवैद्य: ब्रुसेलाचे जंतू आपसात इतके सारखे असतात की साध्या पीसीआरनं त्यांच्यातला फरक दिसत नाही. म्हणून एमएलव्हीए करतात, त्यात डीएनएवरच्या ठरलेल्या १६ ठिकाणी छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आलाय ते मोजायचं, दोन गोठ्यांतले आकडे जुळले तर मूळ एकच असण्याची शक्यता बरीच, मग कानातल्या बिल्ल्यावरून गाय कुठून कुठे गेली ते बघायचं. थोडक्यात वंशावळ लावायची. "एकाच घराण्यातले जंतू" लिहा.

मिरजकर: घराणं चांगलंय. पण आधी ते "गाभडलेल्या" काढा, छापील पत्रकात गर्भपात हवं.

रानजाई: का म्हणून? गर्भपात बाईचा, गाय गाभडते. माझ्या आजीनं जन्मात गाईला गर्भपात म्हटलं नाही. जिवंत शब्द आहे, तो गावंढळ ठरवून संस्कृत कशाला आणायचं?

मिरजकर: गाभ पण गर्भावरूनच आलाय हो, संस्कृतपासून पळून कुठे जाणार.

डॉ_पशुवैद्य: गाभडणेच ठेवा. आणि वारेला उघड्या हातानं हात लावू नका, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, ही वाक्यं ठळक करा, हा आजार माणसाला होतो.

रानजाई: आमच्याकडे वार नाही, जार म्हणतात. दोन्ही लिहा, नाहीतर अर्ध्या लोकांना कशाला हात लावायचा नाही तेच कळायचं नाही.

सई_भा: दोन्ही लिहिते. पण प्रभेदाचं काय करू?

निळू: वाण!